न झालेल्या यानाची हुबेहूब प्रतिकृती

दिवाळीत अंगणात केलेला प्रतापगड चुकला, तर ते सांगणारा वडीलधारा आपल्या जुन्या घरांतून हटकून निघतो. घर इंदूरचे असो की बडोद्याचे, बुरूज असा नव्हे, दरवाजा तिकडे नव्हे, हे तो अधिकाराने सांगू शकतो. कारण गड आहे, आणि तो पाहून आलेली माणसे आहेत. परंतु जी वस्तू कधी घडलीच नाही तिची प्रतिकृती करावयाची, तर तिच्या खरेपणाचा निवाडा कोणी करावयाचा? केवळ कागदावर राहिलेल्या अंतराळयानांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी कारागिरांपुढे हाच प्रश्न उभा असतो. वरवर खेळण्यासारखा दिसणारा हा छंद त्यामुळे बुद्धीची कसोटी पाहणारा ठरतो.

‘डीडॅलस’ या यानाचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी ही संस्था १९३३ साली स्थापन झाली. तिच्यातील काही शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी अ‍ॅलन बाँड यांच्या नेतृत्वाखाली १९७३ ते १९७८ या काळात, स्वतःच्या फावल्या वेळात, या यानाचा आराखडा तयार केला. ज्ञात विज्ञानाच्या आधारे माणसाच्या आयुष्याच्या अवधीत दुसऱ्या ताऱ्यापर्यंत यान पोहोचविता येईल काय, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. तारा निवडला तो सुमारे सहा प्रकाशवर्षे दूर असलेला बर्नार्डचा. यानाची लांबी सुमारे १९० मीटर, वजन ५४,००० टन, आणि त्यांपैकी ५०,००० टन निव्वळ इंधन! ड्यूटेरियम व हेलियम-३ यांच्या गोळ्या दर सेकंदाला २५० या वेगाने पेटवीत जावयाचे, प्रकाशाच्या वेगाच्या १२ टक्के वेग गाठावयाचा आणि पन्नासएक वर्षांत ताऱ्याजवळून न थांबता निघून जावयाचे, अशी ती योजना होती.

१:१००० या प्रमाणात हे अजस्र यान १९ सेंटिमीटरचे, म्हणजे जेमतेम वीतभर होते. असल्या विषयांना गिऱ्हाईक थोडे. म्हणून मोठे कारखाने त्यांच्या वाटेस सहसा जात नाहीत. एखादा कारागीर मूळ नमुना हाताने घडवितो, त्यावरून सिलिकोन रबराचा साचा घेतो आणि त्यात दोन द्रव मिसळून घट्ट होणारे रेझिन ओततो. गणपतीच्या कारखान्यात साच्याचे काम पाहिलेल्यांस ही रीत परकी वाटणार नाही. मात्र रबराचा साचा फार काळ टिकत नाही. काही डझन नग निघाले की त्याच्या कडा फाटू लागतात. त्यामुळे असे संच थोडेच निघतात.

संच हाती आला की पहिले काम धुण्याचे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर साबणाच्या कोमट पाण्याने काढला नाही, तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करता येतो. हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली भोके लांबी भरून बुजवावी लागतात. ओतकामाचे देठ कापावयाचे, कानशीने व पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने सांधे घासावयाचे. घासणे ओलेच हवे आणि नाकातोंडावर चांगली जाळी हवी. रेझिनची बारीक धूळ फुप्फुसांस घातक असते. प्लॅस्टिकच्या संचांचा नेहमीचा डिंक प्लॅस्टिक विरघळवून जोडतो. रेझिनवर त्याची मात्रा चालत नाही. तेथे चटकन धरणारा सायनोअ‍ॅक्रिलेट डिंक लागतो, आणि वजनदार सांध्यात पितळी तारेची खुंटी बसवावी लागते.

इथवर कसब हातांचे. पुढे मात्र आराखडा समजलेला नसेल तर हात कितीही सफाईदार असला तरी उपयोग नाही. या यानाच्या पहिल्या टप्प्यावर सहा आणि दुसऱ्यावर चार गोल टाक्या आहेत. त्याला पंख नाहीत, निमुळते नाक नाही. कारण त्याची जुळणी अंतराळात व्हावयाची होती आणि हवा कापण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला खिडकीही नाही, कारण आत माणूस नाही. शोभेसाठी एखाद्याने खिडक्यांची ओळ रंगविली, तर एका फटकाऱ्यात यानाचा अर्थच बदलतो. दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनाची ४० मीटर रुंदीची घंटा पुढे पृथ्वीकडे संदेश पाठविणाऱ्या तबकडीचे काम करणार होती. प्रतिकृतीत ती ४ सेंटिमीटरची होते. दोन्ही टप्पे जोडले की ती आत दडते. म्हणून जाणता कारागीर तेथे डिंक न लावता नुसती खुंटी ठेवतो. टप्पे वेगळे करून पाहणाऱ्यालाच ती दिसावयाची.

काही ठिकाणी प्रमाणाचे गणितच हार खाते. पुढून येणाऱ्या धूलिकणांपासून रक्षणासाठी बेरिलियम धातूची अवघ्या काही मिलीमीटर जाडीची ढाल योजिली होती. हजारपटीने लहान केली की ती केसापेक्षाही पातळ होते. ती जाड करणे भाग पडते. पण ती पातळ असल्याचा भास व्हावा म्हणून कड तिरपी घासणे कारागिराच्या हाती असते.

अखेरची परीक्षा रंगाची. रणगाडे व विमाने करणाऱ्यांना चिखल, गंज, पावसाचे ओघळ दाखविण्याची सवय असते. निर्वात पोकळीत पाऊस कुठला आणि गंज कुठला? मग वाटते, निदान पुढच्या ढालीवर धूलिकणांचे व्रण तरी दाखवावेत. पण दहाही टाक्या जागेवर असलेले यान म्हणजे प्रस्थानाच्या घडीचे यान. रिकाम्या टाक्या वाटेत टाकून द्यावयाच्या होत्या. तेव्हा भरल्या टाक्यांच्या यानावर प्रवासाचे व्रण काढणे म्हणजे नुकत्याच उजवलेल्या मुलीच्या केसांत चांदी दाखविण्यासारखे आहे. कारागिराने प्रथम ठरवावयाचे असते ते हे, की आपण कोणत्या क्षणाची प्रतिकृती करीत आहोत. रंगाची बाटली त्यानंतर उघडावी.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी म्हणेल. गडाची प्रतिकृती चुकली तरी गड जागेवर असतो. डीडॅलसच्या बाबतीत मात्र दुरुस्तीसाठी पाहावयास मूळ नाही. आहे तो एक अहवाल, आणि तो वाचणारे थोडे. बहुतेकांना हे यान प्रतिकृतीतूनच भेटणार. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा त्या काळचा दावा पुढे टिकला नाही. २०२४ साली वेगळ्या पद्धतीने तेथे ग्रह असल्याचे जाहीर झाले, तो निराळा. पुरावे असे बदलत राहतात. पण त्या मंडळींनी प्रत्येक टाकी, प्रत्येक घंटा जेथे ठेवली तेथे का ठेवली, याला कारण होते. ते कारण वीतभर रेझिनमध्ये शाबूत राहिले, तर न उडालेल्या यानामागचा विचार तरी पुढच्या पिढीच्या हाती धड पोहोचेल.