चाक बोल्टवर टांगलेलं नसतं

ट्रॅकवरची गाडी : भाग पाचवा

ब्रेक ऑइल उकळलं की पेडल खाली जातं आणि चालकाला तत्क्षणी कळतं. तो प्रकार आपण गेल्या भागात पाहिला. आजचा पार्ट बिघडायला लागला तरी बराच वेळ काही बोलत नाही. चाकाचा बोल्ट. इंजिन आणि सस्पेन्शनवर लाखो रुपये ओतणारा माणूसही त्याच्याकडे क्वचित पाहतो.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो घेऊ. चाकणच्या कारखान्यात ती 2022 पर्यंत बनत होती, आणि ट्रॅकची हौस असलेल्यांत तिला अजून मान आहे. पोलोच्या चाकाला स्टड आणि नट नसतात. पाच बोल्ट सरळ हबमध्ये जातात. बोल्टची जाडी 14 मिलिमीटर, आटा दीड मिलिमीटरचा, डोक्याखालची बैठक गोलाकार, आणि आवळायचं माप 120 न्यूटन-मीटर. या चारांतली एक गोष्ट जरी बदलली, तरी कंपनीने केलेला हिशेब आपल्या गाडीला लागू राहत नाही.

तो हिशेब काय, ते समजून घेण्यासारखं आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की चाक बोल्टवर टांगलेलं असतं आणि गाडीचं वजन बोल्ट तोलतात. तसं नाही. 120 न्यूटन-मीटरने आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. हा दाब एका बोल्टमागे सुमारे चार टन, पाचांचा मिळून वीस टनांच्या घरात. त्या दाबामुळे चाकाची पाठ आणि हबचं तोंड यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते गाडीचा भार, ब्रेकचा झटका, वळणावरचा रेटा असं सगळं पेलतं. बोल्टने फक्त ताणलेलं राहायचं. ताण टिकून असेल, तर चाकावरचा बदलता भार बोल्टपर्यंत फारसा पोचतच नाही. ताण उतरला, की चाक हबवर केसभर सरकायला लागतं आणि दर फेऱ्याला बोल्ट वाकतो.

असे किती फेरे? पोलोच्या 15 इंची चाकाचा टायरसकट घेर 1.9 मीटरच्या आसपास. श्रीपेरंबुदूरजवळच्या मद्रास ट्रॅकची एक फेरी 3.7 किलोमीटरची, म्हणजे चाक जवळजवळ दोन हजार वेळा फिरतं. वीस फेऱ्या मारल्या की चाळीस हजार. एका झटक्यात जे पोलाद तुटणार नाही, ते त्याहून कमी भाराने पुन्हापुन्हा वाकवलं तर तुटतं, हे ऑगस्ट व्होलर या प्रशियन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं. असा थकून तुटलेला बोल्ट हातात आला तर ओळखू येतो. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत असतो, त्यावर ओसरत्या लाटांनी वाळूवर सोडाव्यात तशा कमानी दिसतात, आणि एका कडेला थोडासा भाग खरबरीत असतो. गुळगुळीत भाग हळूहळू चिरत गेलेला. खरबरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. चीर बहुतेकदा आट्याच्या खाचेतून सुरू होते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही.

आता बाजारातली चाकं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, जिथून घ्याल तिथून घ्या. बाहेरच्या बहुतेक अलॉय चाकांमध्ये बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची असते. पोलोच्या मूळ बोल्टची गोल. गोल डोकं शंकूत शिरतं, नीट बसल्यासारखं वाटतं, टॉर्क पानाही 120 ला टक्क वाजतो. प्रत्यक्षात दोन्ही धातू एका बारीक कड्यावर टेकलेले असतात. ॲल्युमिनियम त्या कड्याखाली दबत जातं आणि बोल्टचा ताण उतरतो. होंडाच्या मूळ नटांची बैठकही गोल असते, तेव्हा सिटीवाल्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. चांगला दुकानदार चाकांबरोबर शंकूचे बोल्ट देतोच. घोटाळा होतो तो पुढे: रस्त्यासाठी एक संच, ट्रॅकसाठी दुसरा, आणि दोन्हींचे बोल्ट डिकीतल्या एकाच डब्यात.

चाकाला नव्याने पावडर कोटिंग करून घेतलं असेल, तर हबला टेकणाऱ्या पाठीवर आणि बोल्टच्या बैठकीत रंगाचा थर राहिलेला नाही ना, हे बघायला हवं. ट्रॅकच्या उष्णतेत तो थर दबतो, आणि बोल्टचं ताणणं मिलिमीटरच्या अंशांतलं असल्यामुळे तेवढंही पुरतं. हब आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या स्पेसरचंही तसंच. दहा मिलिमीटरचा स्पेसर घालून मूळचेच बोल्ट ठेवले, तर हबमध्ये जाणारे साडेसहा आटे कमी झाले. लांब बोल्ट घेतले आणि ते गरजेपेक्षा लांब निघाले, तर हबच्या मागे काहीतरी घासतं. रंगीत ॲल्युमिनियमच्या नटांबद्दल मी एवढंच म्हणेन, की ते प्रदर्शनात ठेवावेत.

डुप्लिकेट मालाची भीती सगळ्यांनाच असते. मला जास्त काळजी वाटते ती अस्सल, महागड्या पार्टची. सेमी-स्लिक टायर घ्या. नामांकित कंपनीचे, खरे, पक्क्या बिलाचे. रोजच्या रस्त्यावर आपण वळणाला 0.3 जीच्या पुढे फारसे जात नाही. चिकट टायरवर ट्रॅकच्या लांब वळणात हीच गाडी 1 जी ओलांडते. बाहेरच्या पुढच्या चाकावरचा आडवा रेटा तिपटीहून जास्त झाला, आणि तो टायरपाशी थांबत नाही. तो रिममध्ये जातो, तिथून बोल्टला, हबला, बेअरिंगला. टायर उत्तम आहे, अगदी म्हणूनच बाकीच्यांवर भार आला. चाकं बाहेर आणणारा ऑफसेट किंवा स्पेसर असेल, तर बेअरिंगवरची तरफ आणखी लांब होते. टायरवाल्याने टायर तपासला, चाकवाल्याने चाक. ही जोडी एकत्र या गाडीवर कुणीच तपासलेली नसते. कंपनी गाडी विकते तेव्हा मूळ टायर आणि मूळ चाक यांची जोडी तपासलेली असते. मूळ पार्टची किंमत त्या तपासणीसाठी असते, धातूसाठी नव्हे.

चाकांवर शिक्के असतात, हे खरं. हलक्या धातूच्या चाकांसाठी आपल्याकडे एआयएस-073 हे मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत अशा चाचण्या होतात: चाक फिरतं ठेवून वाकवण्याची, भाराखाली पळवण्याची, वरून वजन आदळण्याची. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल असं लिहिलेलं दिसतं. ते निर्मात्याने स्वतःच जाहीर केलेलं असतं. त्रयस्थाची नोंद हवी तर शेजारी व्हीआयए पाहावं. नकली चाकाच्या साच्यात ही अक्षरंसुद्धा ओतलेली असू शकतात.

चाक निखळलं तर चालकाचं काय होईल, याचा अंदाज कुणीही करेल. ट्रॅकवर जास्त धोका दुसऱ्याला असतो. सप्टेंबर 2000 मध्ये मोंझाला आणि मार्च 2001 मध्ये मेलबर्नला, फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उडालेल्या चाकाने प्रत्येकी एका मार्शलचा जीव घेतला. त्या गाड्यांना चाक धरून ठेवणारे दोर होते, आणि 2011 पासून तिथे प्रत्येक चाकाला दोन दोर सक्तीचे झाले. आपल्या पोलोला एकही नसतो. आणि विमा? गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. पॉलिसीचा कागद काढून वाचा.

मग करायचं काय? बोल्ट हातानेच बसवायचे, गनने नाही. टायरच्या दुकानातली गन बोल्टला किती ताणते हे गन चालवणाऱ्यालाही माहीत नसतं. हब आणि चाकाची पाठ ब्रशने घासून गंज काढायचा, आट्यांना ग्रीस लावायचं नाही, कारण ग्रीस लावलं की त्याच 120 ला ताण बराच वाढतो. आवळताना एकाआड एक बोल्ट. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासायचा, आणि ट्रॅकवर प्रत्येक सत्र संपून चाकं निवल्यावर पुन्हा. एखादा बोल्ट दर वेळी थोडा फिरतोच आहे असं दिसलं, तर तो आवळून पुढच्या सत्राला जायचं नाही. चाक काढून बैठक पाहायची. पुण्याहून चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी चालवत नेणारे तर त्याच बोल्टवर हजाराहून जास्त किलोमीटर परत येणार असतात. ट्रॅकचे बोल्ट ही झिजणारी वस्तू आहे, ब्रेक पॅडसारखीच. संच बदलत राहायचा.

पुढचा भाग सीट आणि चार टोकांच्या पट्ट्यांवर. तोवर बाहेरून घेतलेल्या बोल्टच्या डोक्यावर 10.9 हा मजबुतीचा आकडा आहे का, एवढं पाहून ठेवा. काहीच आकडा नसेल, तर ते बोल्ट ट्रॅकवरच काय, बाजारहाटाला जातानाही गाडीवर ठेवू नका.