थ्री नॉट थ्री आणि तिची नागरी बहीण

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावर इशापूर आहे. १९०४ साली इथे रायफलींचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढची कित्येक दशकं तिथून .३०३ ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या तोंडी रुळलेली ‘थ्री नॉट थ्री’, बाहेर पडत राहिली. स्वातंत्र्यानंतर याच रायफलीच्या यंत्रणेवर बेतलेली आणखी एक रायफल सरकारी आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी काढली. तिचं नाव .३१५ स्पोर्टिंग रायफल. पहिली सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही, दुसरी मिळते. नावातल्या आकड्यांवर जायचं, तर दोघींत फरक इंचाच्या बारा सहस्रांश भागाचा, म्हणजे ०.३ मिलिमीटरचा. एवढ्याशा फटीत एक अख्खा कायदा बसलेला आहे.

आधी डोळ्यांना दिसणारे फरक पाहू. फौजी ली-एनफिल्डची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात झाकलेली असते. १९१४ पूर्वीच्या ब्रिटिश पायदळाच्या सैनिकाला ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला पंधरा नेमके बार काढावे लागत. त्या वेगाने बार निघाले की नळी हाताला चटका देण्याइतकी तापते. संगीन लावून भिडायचं तर रायफल भाल्यासारखी दोन्ही हातांनी धरावी लागते. लाकडी आवरण या दोन्हींसाठी होतं. नळीच्या टोकाशी संगीन अडकवायची खुंटी, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं आणि पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या वरून दाबून भरायची सोय, हा बाकीचा फौजी सरंजाम. सुरुवातीच्या रायफलींवर तर बाजूला एक वेगळी नेमपट्टी होती. तिच्यावर २८०० यार्डांपर्यंतचे, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त अंतराचे आकडे होते. इतक्या लांबचा माणूस नुसत्या डोळ्याला धड दिसतही नाही. सगळ्या तुकडीने एकाच दिशेने गोळ्यांचा पाऊस पाडायचा, अशी ती कल्पना होती. पहिल्या महायुद्धाने तिचा फोलपणा दाखवला आणि १९१६ मध्ये ती पट्टी गेली.

शिकाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याचा सगळा खेळ शे-दीडशे यार्डांत, एका-दोन बारांत आटोपतो, आणि बाकीचा दिवस रायफल खांद्यावर वागवण्यात जातो. त्यामुळे लाकूड अर्ध्यावर कापलं जातं, संगिनीची खुंटी जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ‘ली-स्पीड’ नावाने अशा रायफली बनवल्या. यंत्रणा फौजेची, पण लाकूड आखूड, पकडीवर नक्षीदार खाचा, नेमाच्या पट्ट्या शिकारीच्या अंतरांच्या. हिंदुस्थानात येणारे गोरे अधिकारी त्या हौसेने घेत. आपल्या .३१५ रायफलीचं मॅगझिनही पाचच काडतुसांचं आहे.

लाकूड कमी केल्याचा एक फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. नळी लाकडाला चिकटून असली की हवेतला दमटपणा बदलला तरी नेम हलतो. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच रायफलीचं लाकूड फुगतं आणि नळीवर एका बाजूने दाब देतं. बार सुटताना नळी अतिशय सूक्ष्म कंप पावते. त्या कंपात असा दाब मिसळला की सकाळचा नेम दुपारी चुकतो. फौजेला ही तडजोड परवडते, कारण तिला चिखलात, वाळूत, बर्फात चालणारी आणि हजारोंच्या संख्येने सारखी निघणारी रायफल हवी असते. त्यासाठी ली-एनफिल्डचा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असे. मळकं काडतूसही त्यात बसतं. बार झाल्यावर पितळेचं टरफल ताणलं जातं, पण फौज ते पुन्हा वापरत नाही, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नाही.

हे फरक सुताराच्या आणि फिटरच्या हातचे आहेत. खरा फरक काडतुसात आहे.

.३०३ वर १८५७ च्या उठावानंतर बंदी आली, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. हे शक्यच नाही. .३०३ जन्मली तीच मुळी १८८८ च्या सुमाराला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातली हत्यारं परवान्याखाली आली हे खरं, पण लष्करी मापाच्या काडतुसांवरची बंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आहे. तिचं कारण वायव्य सरहद्दीवर होतं. तिथल्या टोळ्यांकडे सरकारी रायफली चोरून किंवा लुटून पोचत होत्या आणि त्यांना तोटा होता तो काडतुसांचा. खाजगी शिकारीसाठी आलेली त्याच मापाची काडतुसं सरहद्दीवर गेली तर ती सरकारवरच उलटणार होती. म्हणून सरकारने .३०३ आणि .४५० ही मापं खाजगी हातांना बंद केली. वाघ-हत्तींच्या शिकारीत .४५० लोकप्रिय होती. इंग्लंडच्या बंदूक कारागिरांनी लगेच शेजारची मापं शोधली. आफ्रिकेत पुढे गाजलेलं .४७० नायट्रो एक्सप्रेस हे त्या धावपळीचं अपत्य. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरची भीती अशी केनियातल्या हत्तींपर्यंत पोचली.

.३०३ ला पर्याय म्हणून जे काडतूस आलं, ते ८ मिलिमीटर मानलिखर. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. त्याच्याही बुडाला कडा होती आणि .३०३ च्या यंत्रणेत ते थोड्या फेरफाराने बसत होतं. आता हे काडतूस मूळचं कुणाचं? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या शाही फौजेचं. पहिल्या महायुद्धात याच काडतुसाने लाखो सैनिक लढले. आपल्याकडे ‘नागरी’ ठरलेली गोळी दुसऱ्या साम्राज्याची फौजी गोळी होती.

ताकदीचा हिशोबही करून पाहावा. १९१० पासूनच्या .३०३ ची गोळी ११.३ ग्रॅमची आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं केलं की जवळपास ३१०० ज्यूल ऊर्जा येते. मूळ ऑस्ट्रियन गोळी सुमारे १६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सहाशे मीटरहून थोडा जास्त. उत्तर ३००० ज्यूलच्या आसपासच येतं. फरक पडतो तो पुढे, हवेत. .३०३ ची टोकदार गोळी हवा कापत वेग राखते. मानलिखरची बोथट, जाड गोळी लवकर मंदावते आणि लवकर खाली येते. पाचशे मीटरवर हा फरक मोठा होतो. पन्नास मीटरवर तो जवळजवळ नसतोच.

आजचे शस्त्र नियम हेच तर्कट पुढे चालवतात. परवाना काढणाऱ्यांच्या बोलीत ‘पीबी’ आणि ‘एनपीबी’ हे शब्द सारखे येतात, म्हणजे प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअर. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं सेवेतलं काडतूस ज्या रायफलीत बसतं आणि उडतं, ती प्रतिबंधित. कसोटी गोळीच्या जाडीची नाही, चेंबरची आहे. म्हणून .३०-०६ ही स्पोर्टिंग रायफल आपल्याकडे नागरिकाला मिळू शकते. तिची गोळी फौजेच्या ७.६२ च्याच व्यासाची असते, फक्त टरफल ५१ मिलिमीटरऐवजी ६३ मिलिमीटर लांब. लांब टरफलात दारू जास्त मावते, म्हणजे ‘नागरी’ काडतूस फौजी काडतुसाहून कमजोर मुळीच नाही. आणि हे .३०-०६ तर दोन्ही महायुद्धांत अमेरिकी फौजेचंच काडतूस होतं.

यात भारत एकटा नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात लष्करी मापं बंद होती, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांनी .३०३ चं टरफल गळ्याशी अरुंद करून .२५ ची गोळी बसवली. इटलीत फौजेचं ९ मिलिमीटर पिस्तूल-काडतूस नागरिकांना वर्ज्य होतं, तेव्हा दोन मिलिमीटर लांब टरफलाचं वेगळं काडतूस आलं आणि सुखेनैव चाललं. कायद्याने मोजपट्टी पुढे केली की कारागीर तिच्या पुढच्या खुणेवर जाऊन बसतो.

उलट दिशेचंही एक उदाहरण इशापूरचंच आहे. तुरुंगाचे पहारेकरी आणि काही पोलीस यांच्यासाठी ली-एनफिल्डची .४१० मस्केट तयार झाली. आटे नसलेली गुळगुळीत नळी, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच बार. बाहेरून थ्री नॉट थ्रीच वाटावी अशी. सरकारने स्वतःच्याच माणसांसाठी मुद्दाम पांगळी केलेली ही रायफल मला या सगळ्या वंशावळीत सर्वांत बोलकी वाटते. हत्यार कुणाच्या हाती जाणार याचा संशय तिच्या लाकडात ठोकलेला आहे.

आता खुद्द गोळीकडे येऊ, कारण फौज आणि शिकार यांच्या वाटा इथे चक्क उलट्या होतात. १८९० च्या दशकात नवी .३०३ गोळी सरहद्दीवर पोचली. शिशाचा गाभा आणि त्यावर संपूर्ण धातूचं कवच. ती माणसाच्या अंगातून आरपार जाई, पण धावून येणारा माणूस थांबत नाही, अशी तक्रार होती. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं कवच काढलं. उघडं शिसं आदळताच फुलतं आणि जखम भयंकर होते. जगभर ‘दमदम’ हे नाव तेव्हापासून झालं. १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. ब्रिटन त्यात सामील झालं ते १९०७ मध्ये.

मग आली १९१० ची गोळी, मार्क सात. हिला पूर्ण कवच आहे, म्हणजे हेगचं अक्षर पाळलं गेलं. पण कवचाच्या आत टोकाशी शिसं नाही. तिथे ॲल्युमिनियमचा किंवा लाकडाच्या लगद्याचा हलका तुकडा आहे. त्यामुळे गोळीचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. हवेत आट्यांनी दिलेली फिरकी तिला सरळ ठेवते. शरीरात शिरल्यावर मात्र घनता शेकडो पटींनी वाढते, ती फिरकी अपुरी पडते आणि जड बूड पुढे येऊ पाहतं. गोळी फुलत नाही, ती कोलांटी खाते. जखम मोठी होते आणि कराराचा भंगही होत नाही.

शिकारीत नेमका उलटा न्याय चालतो. तिथे फुलणारी, मऊ टोकाची गोळी दयेची मानली जाते. पूर्ण कवचाची गोळी हरणाच्या अंगातून बारीक भोक पाडून निघून गेली तर ते जखमी अवस्थेत मैलभर पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. इंग्लंडच्या हरणांविषयीच्या कायद्यात रायफलीसाठी फुलणारीच गोळी सक्तीची आहे. जी गोळी माणसावर झाडणं युद्धगुन्हा, तीच हरणावर झाडणं कर्तव्य. दोन्ही नियमांमागे यातना कमी करण्याचाच हेतू आहे, हे मान्य करूनही माझ्या मनातली अस्वस्थता जात नाही.

भारतात हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळजवळ निकालात काढला. पिकं उद्ध्वस्त करणारी रानडुकरं मारण्यासारख्या मोजक्या परवानग्या सोडल्या तर शिकार संपली. .३१५ मात्र उरली. ती आता स्वसंरक्षणाच्या परवान्यावर, पहारेकऱ्याच्या खांद्यावर आणि उत्तरेत लग्नाच्या वरातीतल्या हवेतल्या गोळीबारात दिसते. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. १८६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरं त्यांच्या बुडावर असतात. जे काडतूस बाजारात कायदेशीर मिळतं, त्याच मापाचं बेकायदा हत्यारही निघतं. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या पोलिसांच्या बातम्यांत गावठी कट्टा बहुधा .३१५ किंवा बारा बोअरचा असतो, तो यामुळेच. लष्करी माप बंद करून नागरी माप ठरवताना ही वाट कुणाच्या लक्षात आली नसावी.

दरम्यान फौजा पुढे गेल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होत्या. समोर सलग गोळ्या ओकणाऱ्या एके रायफली होत्या. आज फौजी आणि नागरी यांच्यातली रेषा अनेक देशांत काडतुसावर नाही, घोड्यावर ओढली जाते. अमेरिकेत युजीन स्टोनरच्या आराखड्यातून फौजेची एम-१६ आली आणि १९६० च्या दशकात कोल्टने तिची नागरी आवृत्ती विकायला काढली. काडतुसं जवळजवळ जुळी. फौजी रायफल घोडा दाबून धरला तर सलग चालते, नागरी रायफल एका दाबाला एकच गोळी सोडते. भारतात असली अर्धस्वयंचलित रायफलही प्रतिबंधितच आहे, त्यामुळे हा वाद आपल्याकडे कमी ऐकू येतो.

खऱ्याखुऱ्या खेळाची रायफल या सगळ्यांपासून फार दूर गेलेली आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते .२२ च्या रायफलीवर. तिची गोळी अवघी २.६ ग्रॅमची, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आत-बाहेर, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या विसाव्या हिश्शाएवढी. वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा किंचित खाली ठेवतात, कारण ती सीमा ओलांडताना हवेचा धक्का गोळीला डळमळीत करतो. रायफलीचं वजन मात्र आठ किलोपर्यंत चालतं, म्हणजे सैनिकाच्या ली-एनफिल्डच्या दुप्पट. ती खांद्यावर टाकून कुठे चालायचं नसतं. जड नळी कंप कमी करते. सगळा खटाटोप १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळासाठी.

याच स्पर्धेत १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं ब्रिटनच्या माल्कम कूपरने जिंकली होती. त्याने साथीदारांसह स्थापलेल्या कंपनीने नेमबाजीत शिकलेले धडे घेऊन एक रायफल बनवली. लाकडाचा फुगण्याचा प्रश्न त्यांनी लाकूडच काढून सोडवला. यंत्रणा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर घट्ट बसवली, बाजूंना प्लॅस्टिकची आवरणं लावली आणि नळी कशालाही न टेकता मोकळी ठेवली. १९८० च्या दशकात ब्रिटिश फौजेने ती एल-९६ या नावाने स्निपरसाठी घेतली आणि ली-एनफिल्डवरून बेतलेली जुनी स्निपर रायफल निवृत्त केली. खेळाडूच्या हातून फौजेत गेलेली ही रायफल ७.६२ मिलिमीटरची होती, त्यामुळे भारतातल्या सर्वसाधारण परवान्यावर ती मिळणार नाही. ऑस्ट्रियन शाही फौजेचं काडतूस उडवणारी .३१५ मिळेल.