आभाळातून दिव्यांचे माप

उन्हाळ्यात आपण अंगणात बाज टाकून निजतो. शहराजवळच्या गावात पूर्वीइतक्या चांदण्या आता दिसत नाहीत. म्हातारी माणसे म्हणतात, आमची नजर गेली. पण तरण्यांनाही त्या कमीच दिसतात, बघा. चांदण्या काही कुठे गेल्या नाहीत. आपल्या दिव्यांचा उजेड वर जातो, धुळीवर व हवेवर पसरतो आणि आभाळ फिकट होते.

हा उजेड मोजतात कसा? २०११ साली अमेरिकेने 'सुओमी' नावाचा उपग्रह सोडला. उपग्रह म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहणारे यंत्र. तसलाच डोळा घेऊन २०१७ व २०२२ साली आणखी दोन उपग्रह गेले. ते सुमारे ८२४ किलोमीटर उंचावरून फिरतात आणि मध्यरात्र उलटल्यावर, दीडच्या सुमारास, आपल्या डोक्यावरून जातात. आपण तेव्हा गाढ झोपेत असतो!

हा डोळा जमिनीचे चौकोन पाडतो. एकेक चौकोन पाऊण किलोमीटरचा. त्यात एखादी वाडी सहज मावते. चौकोनातून जेवढा उजेड वर येईल, तेवढा आकडा मांडतो. ढगांच्या रात्री सोडून देतात, चंद्राचा उजेड वजा करतात. मग पुष्कळ रात्रींची सरासरी काढून मागच्या सालाशी ताडून पाहतात. २०१२ ते २०१६ या काळात जगातली उजेडाखालची जमीन दरसाल शेकडा २ने वाढली, असे या मोजणीत दिसले.

पण या डोळ्यात एक उणे आहे. त्याला निळा उजेड दिसत नाही. नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा अंश बराच असतो. पिवळा दिवा काढून पांढरा लावला, की उपग्रहाला वाटते, उजेड कमी झाला!

मग शास्त्रज्ञांनी साध्या माणसांनाच विचारले : तुम्हांला किती चांदण्या दिसतात? २०११ ते २०२२ पर्यंत पन्नास हजारांहून अधिक उत्तरे आली. बहुतेक युरोप-अमेरिकेतली. हिशेब निघाला, की आभाळाचा उजेड दरसाल जवळजवळ शेकडा १०ने वाढतो आहे. असेच चालले, तर जिथे तान्ह्या लेकराच्या डोक्यावर आज अडीचशे चांदण्या आहेत, तिथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा शंभरच उरतील.

वर गेलेला उजेड कुणाच्याच कामाचा नाही. नागपूरकडच्या पेंचच्या जंगलालगत काही गावांत रस्त्याचे दिवे बदलले. नव्या दिव्यांची तोंडे खाली केली. उजेड वाटेवर पडतो, विंचूकिरडू दिसते. काळे आभाळ राखणारे भारतातले पहिले उद्यान ('डार्क स्काय पार्क') म्हणून पेंचला २०२४ साली मान मिळाला.