खाजगी बेटावरचा एक दिवस: आपण बहामाजला गेलो की नाही?

मंडळी, "क्रूझ जहाज जिथे थांबतं तिथे पैसा कुठे जातो, यावर माझी पीएचडी चालू आहे" असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. एक, "यावर पीएचडी मिळते?" आणि दोन, "मग तू फुकट फिरतेस का?" उत्तरं अनुक्रमे: मिळेल अशी आशा आहे, आणि नाही.

पण या हिवाळ्यात दादाने सगळ्यांची तिकिटं काढली. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. दादा, वहिनी, सात वर्षांची पुतणी आणि मी धरून सहाजण. फ्लोरिडाहून निघणारी चार रात्रींची सहल. एक दिवस कंपनीच्या बहामाजमधल्या खाजगी बेटावर, एक दिवस बहामाजची राजधानी नासाऊ, एक दिवस नुसता समुद्र. आई एका वहीत पाहिलेल्या देशांची यादी ठेवते. बाबा नाणी जमवतात, आणि त्यांना बहामाजचं १५ सेंटचं नाणं हवं होतं. ते चौकोनी असतं, आपल्या जुन्या पाच पैशासारखं.

बेटावरचा दिवस छान गेला, हे आधीच सांगते. जहाज थेट धक्क्याला लागलं. उतरताना जहाजाचं कार्ड मशीनला लावलं, 'टिंग' झालं, आणि आम्ही वाळूत. खुर्च्या मांडलेल्या, जेवण तिकिटातच धरलेलं. बाबांचा गुडघा दुखतो, तर त्यांना किनाऱ्यापर्यंत न्यायला छोटी गाडी होती. पुतणी दिवसभर पाण्याबाहेर आली नाही. दुपारी बाबांनी सरबताच्या टपरीवर नाण्याची चौकशी केली. तिथला मुलगा हसून म्हणाला, "सर, इथे रोख चालतच नाही. फक्त कार्ड."

रात्री केबिनमध्ये आईने वही उघडली आणि मला विचारलं, "काय गं, बहामाज लिहू का? आपण गेलो म्हणायचं ना?"

गेली तीन वर्षं मी जो प्रश्न शंभर पानांत मांडायचा प्रयत्न करतेय, तो आईने एका वाक्यात विचारला होता. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर.

मुळात जहाज तिथे थांबतं का?

तुम्ही म्हणाल, सुंदर किनारा आहे म्हणून. ते आहेच. पण त्याआधी एक जुना कायदा आहे. अमेरिकेच्या १८८६ सालच्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळीच परदेशी नोंदणीची असतात: बहामाज, पनामा, माल्टा वगैरे. कर आणि कामगार कायदे तिथे कंपनीला सोयीचे पडतात. त्यामुळे मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या अशा जहाजाला वाटेत निदान एका परदेशी ठिकाणी थांबावंच लागतं.

आता नकाशा बघा. बहामाज म्हणजे सुमारे ७०० बेटं, आणि त्यातलं बिमिनी मायामीपासून जेमतेम ८० किलोमीटरवर. रात्री जेवून झोपलात की सकाळी परदेश! अंतर कमी म्हणजे इंधनही कमी. आणि ते परदेशी ठिकाण जर कंपनीच्याच ताब्यातलं असेल, तर कायदाही पाळला जातो आणि प्रवासीही आपल्याच आवारात राहतात.

ही कल्पना नवी नाही. १९७७ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने बहामाजमधलं ग्रेट स्टिरप के हे बेट आपल्या प्रवाशांसाठी घेतलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. हॉलंड अमेरिका कंपनीने १९९६ मध्ये लिटल सॅन साल्व्हाडोर विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं हाफ मून के. गोर्डा केचं डिस्नेने कॅस्टअवे के केलं. लिटल स्टिरप केचं झालं कोकोके, आणि २०१९ मध्ये रॉयल कॅरिबियनने २५ कोटी डॉलर खर्चून तिथे घसरगुंड्यांचे मनोरे आणि मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधला. एक गोष्ट लक्षात आली का? बेट घेतलं की बहुतेक वेळा पहिल्यांदा नाव बदलतं.

कार्डाची 'टिंग'

समजायला एक आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पुण्याहून कोल्हापूरला रात्रीची खाजगी बस निघते. ती सातारा गावात थांबत नाही, हायवेवरच्या एका ठरलेल्या हॉटेलला थांबते. तुम्ही तिथे मिसळ खाता, चहा घेता, परत चढता. साताऱ्यात जेवलात असं म्हणता येईल, पण गावातल्या खानावळवाल्याला तुमच्याकडून एक रुपया मिळाला नाही. आता कल्पना करा की ते हॉटेलही बस कंपनीचंच आहे, आणि बिल तिकिटाला जोडलेल्या कार्डावरच लागतं. झालं खाजगी बेट.

अ‍ॅडम वीव्हर या अभ्यासकाने २००५ मधल्या एका शोधनिबंधात प्रचंड क्रूझ जहाजांबद्दल नेमकं हेच मांडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जहाज हे फिरतं, कुंपण घातलेलं पर्यटनस्थळ आहे. प्रवासी आत राहिले की त्यांचा खर्चही आत राहतो. माणसं आवारात ठेवणं आणि पैसा आवारात ठेवणं या दोन गोष्टी एकत्र चालतात. खाजगी बेट म्हणजे याच कुंपणाचा जमिनीवर वाढवलेला भाग.

त्याआधी, २००० साली, रॉबर्ट वुड या समाजशास्त्रज्ञाने कॅरिबियन क्रूझवर लिहिताना दाखवलं होतं की हा उद्योग जागेपासून हळूहळू सुटा होत चाललाय. नोंदणी एका देशात, कामगार अनेक देशांतले, ग्राहक तिसऱ्याच देशातले. मग ज्या कॅरिबियनच्या नावाने तिकीट विकायचं, ते खरं असलं काय किंवा बांधून काढलेलं असलं काय!

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण हैतीतलं. लाबादी हे उत्तर हैतीतलं ठिकाण. ते बेट नाहीच, मुख्य भूमीला जोडलेला, कुंपण घातलेला भूभाग आहे, आणि तो रॉयल कॅरिबियनने भाड्याने घेतलेला आहे. पूर्वीच्या जाहिरातींत हे ठिकाण 'हिस्पॅनिओला'वर आहे असं सांगितलं जायचं. हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक मिळून जे मोठं बेट होतं त्याचं ते नाव. हैती हा शब्द टाळलेला! १२ जानेवारी २०१० ला हैतीत महाभयंकर भूकंप झाला, आणि तीनच दिवसांनी लाबादीला सुट्टीचं जहाज लागलं. त्याच जहाजातून मदतीचं सामानही उतरवलं गेलं, आणि हैती सरकारलाही थांबे चालू राहायला हवे होते. पण काही प्रवाशांना किनाऱ्यावर उतरून जेवणं जमलं नाही. कुंपण किती जाड आहे, हे त्या दिवशी सगळ्या जगाला दिसलं.

मग त्या देशाला काय मिळतं?

इथे मी जरा सावध होते, कारण "कंपनी लुबाडते" एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बेटांवर स्थानिक लोकांना नोकऱ्या मिळतात. काही बेटांवर बहामाजच्या विक्रेत्यांचे स्टॉलही असतात. सरकारला दर प्रवाशामागे कर मिळतो. एमएससी कंपनीचं ओशन के तर वाळूच्या खाणकामासाठी तयार झालेली उजाड जागा होती, तिचं त्यांनी पर्यटनस्थळ केलं. आणि बाबांच्या गुडघ्याला ती गाडी खरंच सोयीची होती. खोटं कशाला बोलू!

पण हिशोब असा आहे. २०२४ मध्ये बहामाजला १.१ कोटीहून जास्त पर्यटक आले. देशाची लोकसंख्या सुमारे ४ लाख. यातले ८० टक्क्यांहून जास्त लोक समुद्रमार्गे आले. म्हणजे "पर्यटक वाढले" ही बातमी खरी असली, तरी त्यातला किती जण टॅक्सीत बसला, हा वेगळा प्रश्न आहे. पर्यटकाचा पैसा यजमान देशात न राहता बाहेर निघून जातो, त्याला अभ्यासक 'गळती' म्हणतात. बेटावर नळच कंपनीच्या आवारात असतो.

बहामाजच्या सरकारलाही हे कळतं. तिथे क्रूझ प्रवाशांवर माणशी १८ डॉलर कर होता. तो वाढवला, आणि २०२४ पासून दोन दर केले: नासाऊ किंवा फ्रीपोर्टला जाणाऱ्याला २३ डॉलर, आणि फक्त खाजगी बेटावर जाऊन परतणाऱ्याला २५. फरक दोनच डॉलरचा आहे. पण माझ्या दृष्टीने ही फार बोलकी गोष्ट आहे. हे दोन प्रवासी सारखे नाहीत, असं खुद्द सरकार कायद्यात लिहून सांगतंय.

माझ्या कामातली खरी अडचणही इथेच येते. नासाऊत मी टॅक्सीवाल्याशी, दुकानदाराशी बोलू शकते, दिवसभराचा गल्ला विचारू शकते. बेटावर सगळा व्यवहार एका कार्डावर, आणि त्या कार्डाचा हिशोब कंपनीकडे. म्हणजे जिथे मोजायची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथेच बाहेरच्या माणसाला मोजता येत नाही.

नाणं

दुसऱ्या दिवशी नासाऊ. बंदराजवळ स्ट्रॉ मार्केट म्हणून बाजार आहे, विणलेल्या टोपल्या, टोप्या, पिशव्यांचा. आईने एका बाईंकडे टोपलीची घासाघीस सुरू केली, अगदी मंडईत करते तशी. बाबांनी संधी साधून चौकोनी नाण्याचं विचारलं. बाईंनी गल्ल्याच्या डब्याच्या तळातून एक शोधून काढलं. पंधरा सेंटच्या नाण्याचा एक डॉलर लावला, आणि बाबांनी तो आनंदाने दिला.

मग त्यांचं लक्ष वहिनीच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेलं. आदल्या दिवशी बेटावरच्या दुकानातून घेतलेली, बेटाचं नाव छापलेली. बाई हसल्या. "म्हणजे खर्च तिकडेच करून आलात की!" आवाजात राग नव्हता. पण वहिनीने ती पिशवी घडी घालून आत ठेवली.

आईने त्या रात्री वहीत बहामाज लिहिलं. तारीख मात्र नासाऊची टाकली. माझ्या मार्गदर्शक बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "तुझा निष्कर्ष आईने तुझ्याआधी लिहिला."

तेव्हा मंडळी, जायचं असेल तर जरूर जा, मुलं तर खूश होतात. तिकीट काढताना फक्त एवढं बघा: सहलीत खऱ्या गावाचा एक तरी थांबा आहे का? असेल तर त्या दिवशी जहाजावर बसून राहू नका. आणि खरेदी करायचीच असेल, तर खिशात थोडी रोख ठेवा. कार्डाचा पैसा जिथे पोचत नाही, तिथे ती पोचते.

पुढच्या लेखात जहाजांच्या नोंदणीबद्दल, म्हणजे मायामीच्या जहाजावर पनामाचा झेंडा का, ते बघू. शंका असतील तर जरूर विचारा.