रविवारचा रस्सा आणि परसातील कोंबडी

सामिष स्वयंपाक म्हणजे खर्चाचा आणि खटाटोपाचा मामला, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून समजूत आहे. खाणावळीतल्या तेलाच्या तवंगाने आणि तयार मसाल्यांच्या पाकिटांनी ती अधिकच दृढ केली आहे. नंदुरबार जिल्ह्यात राहून अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला मात्र ती तपासून पाहावीशी वाटते.

सातपुड्याच्या पाड्यावर पाहुण्यासाठी शिजणाऱ्या कोंबडीला लागते काय? लाल मिरची, लसूण, हळद, मीठ आणि थोडे तेल. मिरची तर येथलीच. हंगामात नंदुरबारभोवतालचे माळ तिच्या पथाऱ्यांनी लाल होऊन जातात. खाली शहादा-तळोद्याकडे भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांची भर पडते, एवढेच. मांस हळद-मीठ लावून आधणाच्या पाण्यात मऊ शिजवावे, वाटण तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतावे, आणि शिजवल्याचे पाणी न टाकता त्याचाच रस्सा करावा. गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते. पण चव येते ती त्या वेळामुळे, मसाल्यांच्या संख्येमुळे नव्हे. यात हिशेबही आहे. एका कोंबडीचे मांस आठ माणसांना पुरत नाही. भाकरी कुसकरून खाल्ली की तिचा रस्सा पुरतो.

हा स्वयंपाक स्वस्त पडतो, कारण ही कोंबडी विकत आणलेली नसते. सांडलेल्या दाण्यांवर आणि किड्यांवर ती परसात वाढते. बहुधा ती घरातल्या बाईच्या ताब्यात असते. मुलाची वही, औषध, बसचे भाडे यांची नड तीच भागवते. अर्थशास्त्राच्या भाषेत ती बचतच होय. फक्त तिला पासबुक नाही.

ही बचत बुडते ती रोगाने. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला आणि लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. 2021 मध्ये नवापुरावर पुन्हा तोच प्रसंग आला. 2006 मध्ये दूरदूरच्या शहरांतही लोकांनी कोंबडी खाणे सोडले. वास्तविक मांस आतपर्यंत 70 अंश सेल्सिअसला तापले की हा विषाणू मरतो, आणि आपला रस्सा तर खदखदून उकळतो. खरा धोका आजारी पक्षी हाताळण्यात आणि कापण्यात असतो.

येथेच गरिबाची कोंडी होते. साथ आली की आजारी कोंबडी घाईने कापली जाते. सुशिक्षित याला अडाणीपणा म्हणतात. मला तो हिशेब दिसतो. उद्या ती मरणारच, तर आज निदान पोटात जावी! साथ राणीखेतची की बर्ड फ्लूची, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि हाच हिशेब एखादे दिवशी जिवावर बेतू शकतो.

बर्ड फ्लूच्या बातम्या होतात. पाड्यांवरची खुराडी वारंवार रिकामी करणाऱ्या राणीखेतची होत नाही. तिच्यावर लस आहे, आणि ती स्वस्तही आहे. मग अडते कोठे? लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते, थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की काही तासांतच संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या घराने ती एकट्याने का घ्यावी? बाजार येथे हात टेकतो. हे काम साऱ्या पाड्याने मिळूनच करावयाचे आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत जातात, रस्ते झाडतात आणि परततात. त्यांतली एक संध्याकाळ, कोंबड्या खुराड्यात आल्यावर, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरणासाठी का देऊ नये? घरे मोजणे, कोंबड्या मोजणे, कुपी बर्फात आणणे, हे विद्यार्थ्यांना सहज जमेल. त्या संध्याकाळी पाड्यावर रश्श्याचा आग्रह झालाच, तर प्राध्यापकांनी तो मोडू नये.