एका तापात बारा घाव

पेरणीच्या तोंडावर राजापेठेत रस्त्याकडेला गाडीलोहारांची पालं पडली होती. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला आणि बायको उभ्याने घण घालतेय. तिच्यासाठीच थांबलो.

आपले पूर्वज महाराणा प्रतापांच्या सैन्याची हत्यारं घडवत, असं हे लोक सांगतात. आता घडतात त्या कुऱ्हाडी, इळे, वखराच्या पासा. माल भंगारातला, ट्रकच्या कमानीचा पाटा. "एका तापात बारा घाव," लोहार म्हणाला. "तेरावा थंड्यावर बसते, मंग लोखंड चिरते." मी मोजत बसलो. बारा, की पाटा परत भट्टीत. पुन्हा बारा. तिला घाम पुसायला सवड मिळे ती पाटा तापेपर्यंत.

नागपूरकडे हे काम अडीच हजार वर्षांहून जुनं आहे. पेंच नदीकाठी नायकुंडला इ.स.पूर्व 700च्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडली. माहुरझरीला 1970-72च्या उत्खननात शिलावर्तुळांतल्या दफनांत खंजीर, कुऱ्हाडी आणि तांब्याचे दागिने घातलेला घोडाही निघाला. घोड्याचं कौतुक सगळेच करतात. मला त्या कुऱ्हाडी मोठ्या वाटतात. पातं दांड्याला आवळायला त्यांना लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या आहेत. अशी कुऱ्हाड झाडावर चालते तशी माणसावरही.

त्याआधी तांबं होतंच. बालाघाटातल्या गुंगेरियाला 1870 साली तांब्याच्या 424 वस्तू एका जागी सापडल्या. पण तांबं मऊ, आणि त्याला कणखर करणारं कथील जगात मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे कांस्याची तलवार सरदाराच्या कमरेला. लोहदगड मात्र जागोजाग. अडचण आचेची होती: तांबं 1085 अंशांना वितळतं, लोखंडाला 1538 लागतात. जुन्या भट्टीतून निघे तो मळीने भरलेला भोकाभोकांचा गोळा, आणि मळी काढायची तर ठोकत राहायचं. हत्यार साध्या पायदळाच्या हाती गेलं ते या ठोकण्याच्या जोरावर. बारा घाव, परत आच, परत बारा. बखरी मात्र स्वारांच्या.

नुसतं लोखंड कांस्याहून सरस नसतंच. कोळशात त्यात कर्ब मुरावा लागतो, मग पाणी द्यावं लागतं. लोहाराने तापल्या पात्याचा धारेकडचा काठ तेवढा बुडवला, काढून विटेवर घासला आणि बोलणं थांबवलं. मागच्या गरमीने पिवळी छटा धारेकडे सरकत आली, तिचा जांभळा रंग झाला, तोच त्याने आख्खं पातं पाण्यात घातलं. "लवकर बुडवलं तं काचावानी फुटते."

एका शेतकऱ्याने कुऱ्हाड उचलून नखावर धार पाहिली. "दुकानात याच्याहून सस्ती भेटते."

बाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मंग तिथूनच घे. पाजवाले मात्र इथं येजो."

त्याने कुऱ्हाड घेतली. दहा रुपये कमीच दिले.