मनाचा इलाज : खर्च किती, लोक काय म्हणतील?

महागावसारख्या तालुक्यात घरातली सून महिनोन्महिने झोपत नाही, तेव्हा आधी ‘असर’ म्हणून झाडफूक होते. डॉक्टरचे नाव शेवटी निघते. आड येतात दोन गोष्टी : खर्च आणि बदनामी.

पहिले पाऊल मोफत आहे. १४४१६ ही सरकारी ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून २४ तास, मराठीतही मिळते. पुढे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. महिलांना एसटीचे तिकीट अर्धे आहे. खासगीत जायचे तर आधी फोनवर विचारा : एका बैठकीची फी किती, साधारण किती बैठका, सवलत मिळेल का?

गोळ्या घ्याव्याच लागतात का? नेहमी नाही. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. काहींना दोन्ही लागते.

गावात कळेल का? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे.

ईमान कमजोर ठरते का? मुळीच नाही, इलाज करणे सुन्नत आहे. म्हणून आम्ही सांगतो, दुआ सोडू नका आणि डॉक्टरची तारीखही चुकवू नका. मरणाची भाषा कानावर आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.